परवानगीचा देश

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दुबई चालली नसती. सिंगापूरचं तर नावच काढायची सोय नव्हती. पण राजेश्वरी अक्काला जिथं नोकरी लागली त्या देशात रात्री उशिरा रस्त्यावर फिरता येत नाही, शहर सोडून लांब जायचं तर शाळेला सांगून कागद घ्यावा लागतो, आणि सुट्टीत घरी यायचं म्हटलं तरी आधी परवानगी काढावी लागते, असं मोठ्या भाऊजींनी वाचून दाखवलं तेव्हा आत्याबाईंचा तांदूळ निवडणारा हात थांबला.

"बायामाणसाला चांगला देश हाय की मग," त्या म्हणाल्या. "आपल्या मुरुम गावात तरी कोण एवढं ध्यान ठिवतंय?"

मोठे भाऊजी, म्हणजे योगीराज भाऊजी, अक्काचे मिस्टर, पुढचं वाचत राहिले. माझे मिस्टर अमृत हसायला लागले आणि मी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. अशा रीतीनं माझी मोठी जाऊ इंग्रजी शिकवायला तुर्कमेनिस्तानला गेली.

मी एम.ए. इंग्रजी, बी.एड. अक्का बी.ए. भूगोल, बी.एड. हे मी कुणाला सांगत नाही, पण मनात रोज एकदा तरी म्हणते.

त्या नोकरीची जाहिरात माझ्याच फोनवर आली होती. शिवू पोटात होती आणि मला मुरुमच्या इंग्लिश स्कूलमधली नोकरी सोडून थोडेच दिवस झाले होते. अक्का भाकरी थापत होती, मी पाटावर बसून तिला गंमत म्हणून वाचून दाखवलं. शाळा, राहायला खोली, बाईमाणूस असेल तर बरं. अक्कानं भाकरी तव्यावर टाकली, पीठ लागलेले हात तसेच वर धरले आणि विचारलं, "त्यांना भूगोलवाली चालंल का गं?"

मी हसले. मग तो सगळा हिवाळा मीच तिला शिकवलं. ती थापायची आणि वाक्य म्हणायची, मी चुका काढायची. चुकलं की ती रागवायची नाही. "परत सांग," म्हणायची. तिचं हेच त्या लोकांना आवडलं असणार. बाळंतपणाला मी नळदुर्गला आईकडं होते तेव्हा तिची मुलाखत झाली, आणि एक दिवस तिचा फोन आला, "वृषाली, घेतलं मला." शिवू माझ्या छातीशी होती. मी म्हणाले, "अभिनंदन, अक्का." त्या दिवशी दूध कमी आलं असं आई म्हणत होती. मी म्हटलं, उकाड्यानं असेल.

अक्का गेली ती पावसाळ्याच्या शेवटी. तिकडून आपल्यासारखा फोन लागत नाही. आपलं व्हॉट्सॲप तिथं चालत नाही, दुसरंच एक ॲप टाकून घ्यावं लागलं, आणि तेही मनात आलं तर चालायचं. मेसेज जायचा आणि दिवसभर नुसताच पडून राहायचा. तिचा पहिला मोठा मेसेज आला तो असा: "वृषाली, पाचवीच्या पोरांना वाचायला काहीतरी लिहून पाठव. इथल्या पुस्तकात नुसतं लंडन हाय. पोरं कंटाळत्यात."

मी शिवूला पायांवर झोपवून, पाय हलवत हलवत फोनवर धडा लिहिला. नळदुर्गच्या ढाब्यावर थांबलेल्या एका ट्रक ड्रायव्हरचा. सोपी वाक्यं, खाली प्रश्न. मग दुसरा लिहिला, मुरुमच्या बाजारात हरवलेल्या बैलाचा. पोरांना आवडले. अक्कानं आणखी मागितले. मला वाटायचं, नाही म्हणावं. पण शिवू झोपली की हात आपोआप फोनकडं जायचा. दिवसभरातलं तेवढंच काम माझ्या शिक्षणाचं होतं.

दिवाळीनंतर मी येळवशीचा धडा लिहिला. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडं गावंच्या गावं रिकामी होतात, घराला कुलूप लावून सगळे शेतात जातात, कडब्याची कोप म्हणजे खोपटी करून पांडवांची पूजा करतात, शेंगा-भाज्यांची भज्जी आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील करतात, आणि त्या दिवशी कुणीही कुणाच्याही शेतात जाऊन जेवू शकतो, अनोळखी माणूससुद्धा, हे सगळं मी लिहिलं. अक्कानं कळवलं की वर्गातल्या एका मुलीनं हात वर करून विचारलं: दुसऱ्याच्या शेतात जायला कागद कुठला लागतो? अक्का म्हणाली, काहीच लागत नाही. तर म्हणे, सगळा वर्ग हसला. त्यांना वाटलं, टीचर गंमत करतेय.

पुढं कधीतरी नेट चाललं आणि फोटो आले. हिरव्या पोशाखातल्या, लांब वेण्या घातलेल्या, डोक्यावर भरतकामाची टोपी असलेल्या मुली, आणि मध्ये आमची अक्का, लांब झग्यात, कुणीतरी वेगळीच. मोठ्या भाऊजींनी तो फोटो मोठा करून आणला आणि खतांच्या दुकानात काचेला लावला. बाजारात बायका मला थांबवून विचारायला लागल्या, "तुमच्या जाऊबाई फॉरेनला ना?" मी हो म्हणायची. पुढचा प्रश्न ठरलेला. "आणि तुम्ही काय, घरीच?"

मी घरी तो फोटो बोटांनी ताणून ताणून बघायची. अक्काच्या मागं फळा होता. फळ्यावर येळवशीचा धडा. वाक्य माझं, अक्षर तिचं.

"तुझंच नाव व्हतंय की," अमृत म्हणाले.

"कुठं व्हतंय?"

"घरात सगळ्यांना माहीत हाय, तू लिहून देतीस."

"काल आत्याबाई शेजारणीला काय सांगत होत्या? आमच्या राजेश्वरीनं धडे बनवले, साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"अगं, आईला काय कळतंय." एवढं म्हणून ते कूस बदलून झोपले. मी शिवूचा श्वास ऐकत पडून राहिले. मला तशी सवयच आहे. तिचा श्वास, तिचं शी-शू, तिच्या मुठीत काय सापडलं, तोंडात काय गेलं. अख्खं घर डाराडूर असतं आणि मी एकटी पहाऱ्यावर.

अक्काला सुट्टीची परवानगी अगदी शेवटी मिळाली. येळवशीच्या आदल्या दिवशी मोठे भाऊजी हैदराबादहून तिला गाडीनं घेऊन आले. ती वाळली होती, उजळली होती. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, ती आत आली, आणि जिला अनोळखी माणूस दिसलं की घर डोक्यावर घ्यायची सवय ती माझी शिवू माझ्या कडेवरून पुढं झुकली आणि सरळ अक्काकडं गेली.

"ओळखलं बघ!" आत्याबाई म्हणाल्या.

कसं ओळखणार? अक्का गेली तेव्हा ती पालथी पडायला शिकत होती. मी नुसती बघत राहिले. अक्कानं तिचं तोंड मानेत दाबून घेतलं आणि बराच वेळ वर केलं नाही.

तिनं सगळ्यांना काही ना काही आणलं होतं. आत्याबाईंना फुलाफुलांचा मोठा रुमाल. सगळ्यांसाठी वाळवलेलं खरबूज, दोरीसारखं पीळ घातलेलं, गुळासारखं गोड. शिवूला फ्रॉक. एक अंगाबरोबर बसणारा, एक मोठा, आणि एक त्याहून मोठा. मी तिसरा हातात धरून बघितला.

"अक्का, हा तर ती बालवाडीत जाईल तेव्हा होईल."

"कापड चांगलं वाटलं गं," ती म्हणाली आणि खरबुजाचा पीळ सोडवायला लागली.

आत्याबाईंनी फ्रॉक माझ्या हातातून घेतला, नीट घडी घातली आणि अक्काच्या कपाटात ठेवला. माझ्या नाही. मला ते तेव्हाच खटकलं.

येळवशीला सकाळी आम्ही पिकअपमध्ये भज्जीचं पातेलं, आंबिलीचं मडकं, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर, सगळं घालून शेतात गेलो. सास्तूरहून कोंडीराम मामा आले होते, आत्याबाईंचे भाऊ. कोपीपुढं पूजा झाली, पंगत बसली, आणि मामांनी अक्काला गाठलं.

"काय राजेश्वरी, तिथं म्हनं गाव सोडून जायाला बी परवाना लागतो?"

"लांब जायचं तर लागतो, मामा. सरहद्दीकडं तर लागतोच."

"आन रातच्याला?"

"रात्री उशिरा बाहेर फिरायचं न्हाय."

"आमची सून अकराच्या आत घरात असतीया," आत्याबाई अभिमानानं म्हणाल्या.

"मग आमचं सास्तूर लईच चांगला देश हाय की," मामा म्हणाले. "सातलाच समदी घरात. परवाना बी न्हाय, पगार बी न्हाय."

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण मला मुरुमहून नळदुर्गला जायचं तर आत्याबाईंना आदल्या दिवशी सांगावं लागतं, आणि तो विनोद कुणी करत नाही.

शिवू अक्काच्या मांडीवर होती. अक्का उंडा कुस्करून खिरीत भिजवत होती.

"तिला खीर देऊ नका, अक्का. गूळ बाधतो."

"थोडीशी गं."

"मागं जुलाब झाले होते."

"ते दात येताना झाले," आत्याबाई मधेच म्हणाल्या. "तू लईच जपतीस. खाऊ दे."

शिवूनं तोंड उघडलं. मी भरवते तेव्हा ती निम्मं बाहेर काढते, मान फिरवते, माझ्या पदरावर उडवते. अक्काच्या हातचा एकेक घास ती गिळत होती आणि पुढच्यासाठी पक्ष्यासारखी चोच वासत होती. मी आंबिलीचा पेला तोंडाला लावला. गार, आंबट. कढीपत्त्याचं पान दातांत आलं.

जेवणं झाल्यावर बायका भांडी गोळा करायला लागल्या. अक्का म्हणाली, "वृषाली, चल, तुरीच्या शेंगा तोडू." शिवू तिच्या कडेवरच होती. मी हात पुढं केले तर म्हणाली, "राहू दे, जड न्हाय मला."

तुरीच्या ओळीत आम्ही आत गेलो. कोपीवरचा आवाज मागं राहिला. अक्कानं एक शेंग तोडली, दाणे काढले, शिवूच्या हातात द्यायला लागली, तेवढ्यात मी ते काढून घेतले. घशात अडकले असते.

"आमच्या मुख्य बाईंनी विचारलं मला," अक्का म्हणाली. "हे धडे कुठल्या पुस्तकातले म्हणून. मी सांगितलं, माझी जाऊ लिहिती."

मी तिच्याकडं बघितलं. मला वाटलं होतं तिनं माझं नाव खाल्लं असेल. इतके महिने मी तेच धरून बसले होते, रोज थोडं थोडं चघळत. आता तेही हातातून गेलं.

"त्यांनी तुझ्याबद्दल सगळं विचारून घेतलं. एम.ए. हाय म्हटल्यावर म्हणाल्या, त्यांनाच का न्हाय बोलावलं?" अक्का हसली. "खरं हाय की. पण जागा एकच हाय, वृषाली. माझी. मी म्हटलं, ती येणार असंल तर मी सोडते. सुट्टी संपायच्या आत कळवा म्हणाल्यात. बोलावण्याचा कागद, व्हिसा, सगळं ते करत्यात. तू जा. मी हितं राहते."

मला आधी तो फळा दिसला. खरंच दिसला. त्यावर माझं अक्षर. हिरव्या पोशाखातल्या पोरी माझ्याकडं तोंड करून बसलेल्या, आणि ती हात वर करणारी, कुठला कागद लागतो विचारणारी. मी तिला नीट समजावून सांगितलं असतं. अक्काला ते जमलं नसणार.

"आणि शिवू?"

"मी हाय की," अक्का म्हणाली.

फार पटकन म्हणाली. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर तयार होतं.

"तिला सोबत नेता येईल?"

"न्हाय गं. बोलावणं एकट्या माणसाचं असतंय. आणि वर्गाचं वर्ष पुरं झाल्याशिवाय लांबची सुट्टी न्हाय. माझ्या ह्या सुट्टीला किती खेटे घातले, तुला काय सांगू." मग शिवूचे केस कानामागं सारत म्हणाली, "एवढ्या लेकरांना काय कळतंय. ह्या वयात इसरून जात्यात."

"इसरून जात्यात म्हणूनच," मी म्हणाले.

ती ऐकलं न ऐकल्यासारखं करून पुढं बोलत राहिली. "आत्याबाईंशी बोलले मी काल. त्यांची ना न्हाय. अमृत भाऊजींना पण विचारलं. ते म्हणाले, वृषाली म्हणंल तसं."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. आदल्या दिवशी, बॅगा उघडायच्या आधीच, मी शिवूला झोपवत होते तेव्हा बाहेरच्या खोलीत हे ठरलं होतं. फ्रॉक कुठल्या कपाटात जायचे तेसुद्धा. अमृत सकाळपासून माझ्याशी जास्तच गोड बोलत होते त्याचं कारण आता कळलं.

शिवूनं अक्काच्या मंगळसूत्राची वाटी मुठीत धरली होती. माझी धरते तशीच, अंगठा आत घालून. मला वाटत होतं तिची ती सवय फक्त माझ्यापुरती आहे.

"बरं," मी म्हणाले. माझा आवाज मला फार शांत वाटला. "जाते मी. शिवूला नळदुर्गला ठेवीन, माझ्या आईकडं."

अक्काचा शेंग तोडणारा हात तिथंच राहिला.

"नळदुर्गला?"

"हो."

"तुमचं घर हायवेला लागून हाय. रात्रंदिवस ट्रक."

"मी तिथंच वाढले."

"तुझ्या आईचे गुडघे दुखत्यात. ही आता धावायला लागंल."

"वहिनी हाय. वहिनीची पोरं हायत. खेळायला सोबत होईल."

"हितं तिचं घर हाय, वृषाली. बाप हाय. आजी हाय."

"तिथं पण आजीच हाय की."

अक्का माझ्याकडं बघत राहिली. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं शिवूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "मग मी कशाला सोडू नोकरी?"

दोघींनाही ते ऐकू आलं होतं, आणि तिनं ते मागं घेतलं नाही.

"म्हणजे पोरगी मिळणार असेल तर," मी म्हणाले.

"मिळणार म्हणजे काय? पळवून नेतीय का मी?" तिचा आवाज फाटला. "धडे तू लिहितीस. पण पोरांपुढं मी उभी राहते. पहिल्या दिवशी मी टेबल धरून उभी होते. आता धरावं लागत न्हाय. तिथं मला कुणी विचारत न्हाय, पाळणा कधी हलायचा म्हणून. ते सगळं मी सोडायला निघाले होते. कशासाठी, ते तुला कळलं. उगं कळलं न्हाय असं करू नकोस."

"कळलं."

"मग?"

मला तिची दया यायला हवी होती. आलीही असेल थोडी. पण त्याहून मोठ्यानं मला हेच कळत होतं की तिच्याकडं जे आहे ते मला हवं आहे, आणि माझ्याकडं जे आहे त्यातलं बोटभरही मला तिला द्यायचं नाही.

"मग तुम्हीच जावा परत," मी म्हणाले आणि हात पुढं केले.

शिवूनं तोंड फिरवून अक्काच्या मानेत लपवलं. तो तिचा खेळ आहे, ती सगळ्यांशी तसं करते. मला ते माहीत होतं. तरी मी तिला ओढून घेतलं. मंगळसूत्राची वाटी मुठीत अडकली होती, ती सोडवावी लागली. शिवू किंचाळली. मग माझ्या खांद्यावर डोकं आपटून रडायला लागली, आई आई करून नाही, नुसतीच. मी तिला घट्ट धरून पुढं चालू लागले. अक्का मागून आली का नाही, मी बघितलं नाही.

कोपीपाशी आत्याबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्या मागं.

"काय ठरलं?"

"वृषालीचं मन न्हाय," अक्का म्हणाली. ती माझ्यामागंच होती. पदरात शेंगा होत्या, तिनं त्या सुपात ओतल्या.

"मन न्हाय?" आत्याबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "इतके म्हैने तोंड फुगवून बसलीय, राजेश्वरीला मिळाली, मला न्हाय म्हणून. आता ताटात वाढून दिली तर मन न्हाय?"

"मी कधी बोलले?"

"बोलायला कशाला लागतंय. समद्या घराला दिसतंय."

अमृत विहिरीकडं बघायला लागले. मला वाटत होतं मी फार आत ठेवलंय.

"पोरीला सोडून जाऊ का मी, आत्याबाई?"

"सोडून कुठं? घरातच ऱ्हानार व्हती की. जावेजवळ."

"जावेजवळ," मी म्हणाले.

मामांनी घसा खाकरला, बहिणीला म्हणाले, "जाऊ दे की इरम्मा. लेकराची आई हाय. आज सणाचं कशाला." मग विषय बदलायचा म्हणून म्हणाले, "चला रं, आंबील शिंपडायची. ऊन कललं."

अमृत पुढं, मडक्यातली आंबील पळसाच्या पानानं पिकावर शिंपडत, आणि मामा त्यांच्या मागं ओरडत, "वलगे वलगे सालम पलगे!" आम्ही सगळे तेच म्हणत ओळीत निघालो. कानडी की काय आहे ते, अर्थ आमच्यात कुणालाच सांगता येत नाही, पण म्हणायचं असतं. मी पण म्हटलं. माझ्यापुढं अक्का होती. ती तोंड हलवत होती, आवाज येत नव्हता.

सुट्टी संपेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींशी नीट वागलो. इतकं नीट की आत्याबाईंना वाटलं, मिटलं. ती भाकरी थापायची, मी कालवण करायची. शिवू रांगत तिच्याकडं गेली की मी काहीतरी काम काढून तिला उचलून आणायची: तेल लावायचंय, नखं कापायचीत, झोपायची वेळ झालीय. अक्का हात मागं घ्यायची. एकदा मी शिवूला उचलायला वाकले तेव्हा फक्त म्हणाली, "आत्ताच उठलीय की ती."

जायच्या दिवशी मोठे भाऊजी गाडीत बॅगा टाकत होते. अक्का माझ्यापाशी आली.

"धडे पाठवशील ना?"

"पाठवीन. पण खाली माझं नाव टाकायचं. फळ्यावर."

"टाकते." मग शिवूकडं बघून, तिला हात न लावता म्हणाली, "ही चालायला लागली की सांग मला. लगेच सांग. अमृत भाऊजींच्या आधी सांगितलंस तरी चालंल."

"सांगेन," मी म्हणाले.

तेव्हा मी ते खरंच म्हणाले होते.

तिकडं गेल्यावर तिनं शब्द पाळला. पहिल्याच आठवड्यात फळ्याचा फोटो आला. धड्याच्या खाली, कोपऱ्यात, माझं नाव इंग्रजीत. पोरींनी आपापल्या वह्यांत उतरून घेतलं होतं. मी तो फोटो ताणून बघितला. मला वाटलं होतं, आता बरं वाटेल. मग माझी नजर अक्काच्या हाताकडं गेली, नावाशेजारी खडू धरून उभ्या असलेल्या हाताकडं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

काल दुपारची गोष्ट. आत्याबाई शेजारी गेल्या होत्या, हे शेतात, मोठे भाऊजी दुकानात. मी कणीक मळत होते. शिवू पिठाच्या डब्याला धरून उभी होती. तिनं डबा सोडला. एक पाऊल, मग हात पसरून दुसरं, मग थांबली, स्वतःशीच हसली, आणि सरळ चालत येऊन माझ्या पाठीवर आदळली. माझे हात पिठात. मी तिला पिठाच्या हातांनीच कवटाळलं, रडले, हसले, मग हात पुसून फोन काढला आणि तिला परत डब्यापाशी उभं केलं. ती परत आली. व्हिडिओ निघाला. थोडा हललाय, पण तिचे पाय नीट दिसतात.

तेवढ्यात फोन वाजला. अक्का. एरवी दिवसदिवस पडून राहणारे मेसेज, आणि हा नेमका आत्ता आला होता.

"वृषाली, पाचवीला नवीन धडा पाठव. पोरी विचारत्यात. आणि शिवू? लागली का चालायला?"

व्हिडिओ समोरच होता. अंगठा त्याच्यावर होता. संध्याकाळी सगळे घरी आले की घरभर कळणारच होतं, मोठे भाऊजी रात्रीच तिला सांगणार होते. म्हणजे माझ्या हातात काय होतं, तर फक्त ती दुपार.

मी लिहिलं, "धडा उद्या पाठवते." मग खाली लिहिलं, "अजून नाही."

मेसेज गेल्याची खूण आली. शिवू माझ्या मांडीवरून उतरून एकटीच उंबऱ्याकडं निघाली होती. मी उठून तिला उचललं आणि परत जवळ आणून बसवलं.